दोनशे चौदा सुपाऱ्या

शनिवारच्या वर्गासाठी मी दोनशे पानी वही घातली होती. डाव्या पानावर उपक्रमाचं नाव, लागणारं साहित्य, लागणारा वेळ. उजव्या पानावर मुलांनी प्रत्यक्षात काय केलं ते. आणि बरोबर असं एकच उत्तर असेल तर ते अगदी खाली, लाल पेनानं. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. वाण्याकडे जाताना यादी, लग्नाला जाताना यादी. शाळेतली माझी मैत्रीण मला यादीबाईच म्हणायची, आणि मुलांसमोर चुकून तसं म्हणून गेली की जीभ चावायची.

ही मैत्रीण आणि मी एकाच वर्षी, एकाच शाळेत नोकरीला लागलो. जिल्हा परिषदेची शाळा, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पहिली तीन वर्षं आम्ही गावात एक खोली भाड्यानं घेऊन राहिलो होतो. एक स्टोव्ह, दोन ताटं, आणि कुणी कधी भांडी घासायची याची भिंतीवर यादी. अर्थात मी केलेली. पुढे दोघींची लग्नं झाली, दोघीही इथेच राहिलो. ती पाचवी शिकवते, मी चौथी. तिच्या मुलाच्या मुंजीतलं सगळं सामान माझ्या यादीवरून आलं होतं.

हुशार मुलांसाठी काहीतरी वेगळं करा, असं वरून पत्र आलं, तेव्हा मोठ्या सरांनी ते आमच्या दोघींच्या हातात दिलं आणि स्वतः मोकळे झाले. चौथी-पाचवीची चौदा मुलं निवडायची होती. मार्कांवरून निवडायची नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. महिनाभर आम्ही दोघींनी फक्त कोण काय प्रश्न विचारतं ते टिपून ठेवलं. त्यातून जी नावं वर आली, त्यांतली चार-पाच पाहून मोठे सर म्हणाले, "ही? हिला तर सी ग्रेड आहे!"

ती म्हणजे पाचवीतली एक मुलगी. वडील बोटीवर, आई बोर्लीच्या बाजारात सुकी मासळी विकते. परीक्षेत तिचा पेपर नेहमी अर्धा राहायचा, कारण पहिल्याच प्रश्नावर ती विचार करत बसायची. तिनं मला एकदा विचारलं होतं, "बाई, भरतीचं पानी आधी खाडीत शिरतं का आधी किनाऱ्याला लागतं? आनि मधल्या माशाला कसं कळतं कुठं जायचं?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी वहीत प्रश्न लिहिला आणि तिचं नाव यादीत घातलं.

शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटली की अकरा ते एक आमचा वर्ग. नियम दोनच. एक, उत्तर आधी सांगायचं नाही. दोन, पहिली दहा मिनिटं शिक्षकानं 'बरोबर' किंवा 'चूक' यातलं काहीच म्हणायचं नाही. दुसरा नियम माझ्या मैत्रिणीला फार जड जायचा. ती खिडकीपाशी जाऊन तोंडावर पदर धरून उभी राहायची.

कधी मी फळ्यावर नुसतं उत्तर लिहायची, 'भरती' किंवा 'बत्तीस', आणि मुलांनी त्याचे प्रश्न तयार करायचे. कधी शिंपल्यांचा ढीग देऊन त्याचे गट करायला सांगायची, पण रंगावरून नाही आणि आकारावरूनही नाही. एका मुलानं ओळीनं सगळे शिंपले पाण्यात टाकून कुठला आधी बुडतो यावरून गट केले. कधी सोलकढीची कृती उलटसुलट करून द्यायची आणि कुठे काय बिघडलं ते शोधायला लावायची. मुलांचा सगळ्यात आवडता खेळ वादाचा होता. जेटीवर रात्रभर दिवे हवेत की नकोत, असे दोन पक्ष. वाद रंगात आला की मी घंटा वाजवायची आणि दोन्ही पक्षांनी बाजू बदलून आत्तापर्यंत ज्याला शिव्या घातल्या तेच पटवून द्यायचं. एकदा घंटा वाजली तेव्हा चौथीतला एक मुलगा रडकुंडीला आला. "बाई, मी आत्ताच माझं मला पटवलं होतं!" आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

आणि सुपारीची बरणी. काचेची मोठी बरणी सोललेल्या सुपाऱ्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. झाकण उघडायचं नाही. बाहेर दहा सुट्या सुपाऱ्या, एक तराजू, दोरा आणि पट्टी. आत किती सुपाऱ्या आहेत याचा अंदाज करायचा, आणि तो कसा केला ते सांगायचं. हा उपक्रम मी तयार करून ठेवला होता, पण अजून घेतला नव्हता. वहीत खाली लाल पेनानं लिहून ठेवलं होतं, दोनशे चौदा.

फेब्रुवारीत निरोप आला की जिल्ह्याचे पाहुणे आपला वर्ग बघायला येणार. त्या भेटीतून सहा मुलं निवडायची होती, उन्हाळ्यात माणगावला होणाऱ्या महिनाभराच्या निवासी वर्गासाठी. फक्त पाचवीतली. सहावीत गेलं की संधी संपली. तिथे सूक्ष्मदर्शक असणार हे कळल्यापासून ती मुलगी रोज मला मधल्या सुट्टीत गाठायची. "बाई, त्यातून माशाचं खवलं बघाया देतील? का निस्ता कांदाच?" मी म्हणायची, खवलं तू घरून घेऊन जा. ती म्हणायची, "तीन परकारची नेते."

पाहुणे शनिवारी यायचे होते. नेमकं गुरुवार-शुक्रवार मला तालुक्याला प्रशिक्षणाला पाठवलं. जाताना मी वही मैत्रिणीच्या हातात दिली. म्हटलं, सगळं यात आहे, फक्त साहित्य काढून ठेव. ती म्हणाली, "जा गं, मी आहे ना."

शनिवारी मी सातलाच शाळेत पोचले. बरणी पाहिली, तर तळाशी पांढरी भुकटी. सुपारीला कीड लागली होती. घर जवळच, तशीच मागे फिरले, आमच्या वाडीतली सुपारी पिशवीत भरून आणली, बरणी धुऊन पुसून पुन्हा भरली. आमची सुपारी अंगानं मोठी. भरता भरता मोजली, एकशे त्रेसष्ट झाली. सुट्या दहाही नव्या ठेवल्या. आकडा चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये टाकला, वहीत नंतर उतरवायचा म्हणून. वही मैत्रिणीकडे होती, आणि ती फाटकाशी मुलींकडून रांगोळी काढून घेत होती. अकराला येणारी जीप नऊलाच आली. मग नारळ, गुलाबाचं फूल, चहा यांत ते सांगायचं राहून गेलं.

पाहुणे तिघे होते, दोन साहेब आणि एक मॅडम. शिंपल्यांचा खेळ झाला, प्रश्न तयार करायचा झाला. मुलं भराभर बोलत होती. मला अभिमानच वाटला, थोडं आश्चर्यही. मग बरणी पुढे आली. मोठ्या साहेबांनी बोटानं पाच जणांना पुढे बोलावलं. त्यात ती मुलगी शेवटची.

पहिल्या मुलानं बरणी उचलली, एकदा फिरवली आणि ठेवली. "सर, मी आधी तळाचा थर मोजला, मग एकूण थर मोजले, मग गुणाकार केला. अंदाजे दोनशे बारा."

त्यानं काहीही मोजलं नव्हतं. मी समोर उभी होते. दुसरा म्हणाला, दोनशे सोळा. तिसरीनं दहा सुपाऱ्या तराजूत टाकल्या, काटा अजून हलतच होता, तेवढ्यात म्हणाली, "म्हणजे दोनशे दहाच्या आसपास." चौथा म्हणाला, "दोनशे चौदा," आणि एकदम दचकून माझ्या मैत्रिणीकडे पाहायला लागला. तिनं मान किंचित हलवली, नकारार्थी.

एकशे त्रेसष्ट सुपाऱ्यांच्या बरणीत चौघांना दोनशेच्या वर दिसल्या, त्याही एकमेकांपासून दोन-चार पावलांवर. कसं, ते मला तेव्हा कळलं.

ती मुलगी मात्र गुरुवार-शुक्रवार शाळेत नव्हती. मावशीच्या हळदीला गेली होती. तिनं बरणी मांडीवर घेतली, अंगठ्यानं एका सुपारीवर खूण धरली आणि बरणी हळूहळू फिरवत मोजायला लागली. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"चल बाळा, लवकर," मोठे सर म्हणाले.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. "न्हाय, थांबा. मधल्या धरल्याच न्हाय." मागून कुणीतरी खुसखुसलं. ती पुन्हा मोजायला लागली, दोरा घेतला, ओठ हलत होते. शेवटी म्हणाली, "एकशे साठ. दोन-चार इकडंतिकडं."

"बाकी सगळे तर दोनशेच्या वर म्हणतायत," साहेब म्हणाले.

"सर, त्यांनी मोजल्याच न्हाय."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांना ते उद्धट वाटलं असावं. त्यांनी विचारलं, बरोबर उत्तर काय? माझ्या मैत्रिणीनं माझी वही उघडली आणि माझ्या अक्षरातलं, लाल पेनातलं उत्तर वाचलं, "दोनशे चौदा."

टाळ्या पडल्या. मॅडमनी त्या मुलीच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "अजून थोडा सराव कर हं." मुलीनं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. बरणीचं झाकण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं.

मी गप्प राहिले. त्या मिनिटातही मी मनात यादी केली. एक, दहा वर्षांची चार मुलं पाहुण्यांसमोर खोटी पडतील. दोन, मोठे सर मे महिन्यात निवृत्त होतायत. तीन, वर्ग बंद होईल. चार, ती माझी मैत्रीण आहे. खरं कारण चौथंच होतं. आधीची तीन मला घरी जाताना सुचली आणि मी ती वर चढवली.

जीप गेल्यावर मी तिला खिचडी शिजते त्या मागच्या पडवीत गाठलं. ती पोह्यांच्या बशा गोळा करत होती.

"बरणी मी सकाळी बदलली," मी म्हटलं. "आत एकशे त्रेसष्ट आहेत."

ती थांबली. मग हसली. "बरं झालं कुणी ओतून बघितली नाही."

"तू उत्तरं सांगितलीस त्यांना."

"सराव घेतला."

"तू दोनशे बारा म्हण, तू दोनशे सोळा म्हण, याला सराव म्हणतात?"

"मग काय सगळ्यांना दोनशे चौदा म्हणायला लावू? एवढीही वेडी नाही मी." तिनं बशा टोपलीत आपटल्या. "यादीबाई, तू दोन दिवस पंख्याखाली बसून प्रशिक्षण घेत होतीस. इथे मोठे सर दर तासाला येऊन विचारत होते, पोरं बोलतील ना, पोरं बोलतील ना. पाहुण्यांसमोर पोरं दहा-दहा मिनिटं तोंड मिटून विचार करत बसली असती, तर त्यांना हुशार कोण म्हणालं असतं? वर्ग वाचवलाय मी तुझा."

"आणि ती?"

"ती आली असती तर तिलाही सांगितलं असतं. मी काय मुद्दाम वगळलं तिला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तिच्या घरचे पाठवणार होते का माणगावला? आई बाजारात, बाप बोटीवर. तू पण ना."

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की तिनं अंदाजाच्या चुकाही वाटून दिल्या होत्या. कुणी दोननं कमी, कुणी दोननं जास्त, म्हणजे खरं वाटावं. इतका बारीक विचार तिनं त्या वर्गासाठी वर्षभरात कधी केला नव्हता.

वर्गात परत आले तर वादाच्या खेळात रडकुंडीला आलेला तो चौथीतला मुलगा दप्तर भरत होता. मी विचारलं, बाईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं? तो म्हणाला, "तुम्हाला सांगायचं नाही असं सांगितलं होतं. सरप्राइज होतं तुमच्यासाठी. आवडलं?"

मी म्हटलं, हो.

सोमवारी मी जिल्ह्याला पत्र लिहिलं. बरणीतली सुपारी मी बदलली होती, नवा आकडा सहकाऱ्यांना कळवायचा राहिला, चूक माझी, त्या मुलीचं उत्तर सर्वांत जवळचं होतं, तरी पुन्हा विचार व्हावा. पाठांतराचा एक शब्दही लिहिला नाही. मोठ्या सरांनी ते दोनदा वाचलं. "वर्ग दोघींचा आहे. दोघींची सही आणा."

मैत्रिणीनं पत्र हातातही घेतलं नाही. "या पत्रावर सही केली की पुढचा प्रश्न कुठला येईल, बाकीच्यांना दोनशे चौदा कसं कळलं? मी नाही करणार. आणि तूही शहाणी असशील तर फाडून टाक."

एका सहीचं पत्र मोठ्या सरांच्या टेबलावर काचेखाली पडून राहिलं. पुढच्या शनिवारी सहा नावं शाळेच्या ग्रुपवर आली. चारही दोनशेवाले त्यात होते. ती नव्हती. मैत्रिणीनं खाली टाळ्या वाजवणारे हात टाकले, सहा.

रविवारी मी बोर्लीच्या बाजारात गेले. मुलगी आईशेजारी बसून जवळा मापानं भरून देत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुपारी बदलल्याचं, बाकीच्या मुलांना उत्तर आधीच माहीत असल्याचं, हिचं उत्तर बरोबर असल्याचं. मुलगी ऐकत होती, पण हात थांबला नाही.

आई म्हणाली, "मंग हे साहेबांना सांगा ना बाई. आमाला काय सांगता? आमाला म्हाईतच हाय पोरीला मोजता येतं. सकाळधरनं तीच मोजते हितं."

"तुम्ही पाठवणार होतात माणगावला?"

"का न्हाय पाठवनार?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "नवी पिशवी घेतलीय. बापानं बोटीवरनं फोन करून इचारलं, कंदी जायाचं."

मला तिथे अजून थांबवेना. निघताना तिनं कागदात थोडी सुकट बांधून दिली, मी नको म्हणत असतानाही.

सोमवारी किरकोळ रजा टाकून मी तालुक्याला गेले आणि तिथल्या शिक्षणाधिकारी साहेबांना सगळं सांगितलं. या वेळी पाठांतरासकट, आणि मला तेव्हाच कळलं होतं यासकट. साहेब म्हणाले, लेखी द्याल? मी तिथेच बसून लिहून दिलं. ते म्हणाले, नावं पुढे गेली आहेत, खाटा सहाच आहेत, आता कुणा मुलाचं नाव काढलं तर पालक दारात येतील. मुलगी सहावीत जाणार, म्हणजे पुढच्या वर्षीही बसत नाही. वाईट वाटतं. आणि हो, तुमचा तो शनिवारचा वर्ग पुढचं पत्र येईपर्यंत थांबवा.

ते पत्र अजून आलेलं नाही. मैत्रिणीकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो तिनं दिला, प्रकरण मिटलं. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, "झालं समाधान? मुलगी गेली नाही ती नाहीच, वर्ग गेला, आणि मी वीस वर्षांत पहिल्यांदा खुलासा लिहिला." मग माझी वही माझ्यासमोर ठेवली. "घ्या, बाई." यादीबाई नाही, नुसतं बाई. तेव्हापासून आम्ही एकमेकींना बाईच म्हणतो. एकाच टेबलाशी डबा खातो, कारण टेबल एकच आहे.

हे मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. बहिणीला, नवऱ्याला, दोन जुन्या सहकाऱ्यांना. वीस वर्षांच्या मैत्रिणीनं माझीच वही वापरून मला कसं फसवलं, हे सांगताना माझा आवाज अजूनही चढतो आणि ऐकणारा माझ्याच बाजूचा होतो.

तालुक्याहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावून सांगितलं, की मी साहेबांना सांगून आले.

"मग मी जानार?"

"नाही."

ती विचार करत राहिली, परीक्षेत पहिल्या प्रश्नावर राहायची तशी. मग म्हणाली, "बाई, तुमाला बरनीत किती हायेत ते तवाच म्हाईत व्हतं?"

"हो."

"आनि मी तुमच्याकडं बघितलं तवा?"

"तेव्हाही."

तिनं मान हलवली, वहीत एखादं उत्तर उतरवून घ्यावं तशी, आणि लंगडी खेळायला गेली. आता ती सहावीत आहे, हायस्कूलला. रस्त्यात भेटली की थांबून नमस्कार बाई म्हणते, नीट, हात जोडून. प्रश्न विचारत नाही.